मदत हवी आहे: आय५-१२४०० प्रोसेसरसाठी एअर कूलर कोणता घ्यावा? (ठाणे, खोलीत एसी नाही)

नमस्कार मंडळी,

मी मराठी माध्यमाच्या दहावीच्या मुलांसाठी विज्ञानाचे धडे घरीच रेकॉर्ड करते आणि घरच्या डेस्कटॉपवरच एडिट करते. राहायला मानपाड्याला, घोडबंदर रोडला लागून. प्रोसेसर इंटेल आय५-१२४००, त्यावर खोक्यात आलेलाच कूलर. मदरबोर्ड बी६६० चा, मायक्रो एटीएक्स आकाराचा. वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. कॅबिनेटला पुढे अख्खी काच आहे आणि त्याच्या माहितीत कूलरची उंची १६० मिलिमीटरपर्यंत चालेल असं लिहिलंय.

अडचण मुख्यतः आवाजाची आहे. रेकॉर्डिंग करताना छताचा पंखा बंद ठेवावा लागतो. बाहेर वाहतूक आणि मेट्रोचं काम, म्हणून खिडक्याही बंद. मे महिन्यात अशा बंद खोलीत पारा ३४-३५ वर जातो आणि धडा निम्म्यावर आला की सीपीयूचा पंखा जोरात फिरायला लागतो. तो आवाज माइकमध्ये येतो. नंतर सॉफ्टवेअरने काढला तर त्यासोबत माझे ‘स’ आणि ‘श’ पण बोथट होतात. जी मुलं फक्त मोबाइलच्या स्पीकरवर ऐकतात, त्यांना शब्द स्वच्छ कळायलाच हवा. म्हणून हा प्रश्न नीट सोडवायचा आहे.

व्हिडिओ एक्सपोर्ट करताना तापमान ९२ ते ९४ दिसतं, तेव्हा प्रोसेसर साधारण ७५ वॉट घेत असतो. हे धोक्याचं आहे का? तीन हजारांच्या आसपास कोणता कूलर घ्यावा? दिरांकडे सहाव्या पिढीच्या आय५ वरचा कूलर मास्टर हायपर २१२ पडून आहे, तो बसेल का? दुकानदार म्हणतात लिक्विड कूलरच घ्या. घर भाड्याचं आहे, अकरा महिन्यांचा करार संपला की सामान हलवावं लागू शकतं, तेही लक्षात घेऊन सांगा.

प्रतिसाद

ताई, ९४ ने प्रोसेसर बिघडत नाही. १२४०० ची मर्यादा १०० अंश आहे. तिथे पोचला की तो स्वतःच वेग कमी करून स्वतःला सांभाळतो. पण आत्ता तुमच्याकडे फक्त सहा अंशांची जागा उरली आहे, आणि पंखा ओरडतोय तो त्यामुळेच.

यूट्यूबवरच्या चाचण्या बघताना एक गोष्ट ध्यानात ठेवा. त्या बहुतेक २१ ते २५ अंशांच्या खोलीत केलेल्या असतात. तिथे ६० दिसलं तर तुमच्याकडे ७० धरा. बघायचा तो फरक: प्रोसेसरच्या तापमानातून खोलीचं तापमान वजा करा. तुमचा फरक आत्ता ६० आहे. बऱ्यापैकी टॉवर कूलर (नळ्या आणि धातूच्या पात्यांचा उभा कूलर) ७५ वॉटला तो ३५ च्या आसपास आणतो.

लिक्विडची गरज नाही. तेही शेवटी खोलीच्याच हवेने थंड होतं, खोलीपेक्षा थंड काही करू शकत नाही. वर पंपाचा बारीक गुणगुणाट सतत चालू, म्हणजे तुमच्या माइकला आणखी एक आवाज. २०० वॉट खाणाऱ्या प्रोसेसरसाठी मी वेगळं सांगितलं असतं. १२४०० ची तर टर्बोची (वेग वाढवून चालतानाची) अधिकृत मर्यादाच ११७ वॉट आहे.

टॉवर कूलरमधल्या तांब्याच्या नळ्या मुलांना जरूर दाखवा. आतली बरीच हवा काढून थोडं पाणी सोडलेलं असतं. दाब कमी, म्हणून ते कमी तापमानालाच उकळतं, प्रोसेसरकडची उष्णता घेऊन वाफ होतं, वर पात्यांपाशी जाऊन पुन्हा पाणी होतं आणि नळीच्या आतल्या सच्छिद्र अस्तरातून केशाकर्षणाने खाली येतं. दहावीच्या ‘उष्णता’ प्रकरणातला अप्रकट उष्मा तो हाच.

प्रतिसाद

खरेदीआधी दोन गोष्टी करून बघा, दोन्ही फुकट.

कॅबिनेटचं बाजूचं झाकण काढून तोच व्हिडिओ पुन्हा एक्सपोर्ट करा. तापमान दहा-बारा अंशांनी पडलं तर दोष कॅबिनेटचा आहे. पुढच्या काचेमुळे हवा आत येत नसेल, आणि मग कितीही चांगला कूलर आतलीच गरम हवा घुसळत बसेल. तीन-चार अंशच पडलं तर कूलर बदला.

दुसरं, रेकॉर्डिंग ओबीएस या सॉफ्टवेअरमध्ये करत असाल तर सेटिंगमध्ये एन्कोडर (व्हिडिओ दाबून साठवणारा भाग) बघा. एक्स२६४ असेल तर सगळा भार प्रोसेसरच्या कोअरवर पडतो. तुमचा १२४०० आहे, १२४००एफ नाही, म्हणजे त्यात यूएचडी ७३० ग्राफिक्स आहे. एन्कोडर क्विकसिंक निवडा, तो हे काम त्या ग्राफिक्सकडे देतो. रेकॉर्डिंगच्या वेळचा बराच भार तिथेच उतरेल.

धागाकर्ती

दोन्ही करून पाहिलं. झाकण काढल्यावर फक्त चार अंश उतरले. ओबीएसमध्ये एक्स२६४ च होतं. क्विकसिंक केल्यावर बोलताना पंखा बराच शांत राहतो, पण दुपारी मधूनच एकदम वर चढतो आणि खाली येतो. हा चढउतार सलग आवाजापेक्षा जास्त खटकतो. म्हणजे कूलर घ्यायचा हे नक्की. डीपकूल एके४०० आणि थर्मलराइट पीअरलेस असॅसिन १२० एसई ही दोन नावं सगळीकडे दिसतात. यातला कोणता?

प्रतिसाद

एके४००. उंची १५५ मिलिमीटर, तुमच्या १६० मध्ये बसतो. चार नळ्या आणि १२० मिलिमीटरचा पंखा ७५ वॉटला पुरून उरतो. पीअरलेस असॅसिनची उंचीही १५५ च आहे आणि सहा नळ्या, दोन पंखे घेऊन तो जास्त ताकदीचा आहे यात शंका नाही. पण ती ताकद या प्रोसेसरवर वापरलीच जाणार नाही, आणि घर हलवताना बोर्डवर तेवढं जास्त वजन लटकणार. टेम्पोत नेताना कॅबिनेट आडवं ठेवा, बोर्ड खाली आणि कूलर वर उभा राहील असं. दोन्हींसाठी हाच नियम.

दिरांचा हायपर २१२ आहे तसा बसणार नाही. सहाव्या पिढीच्या सॉकेटभोवतीची भोकं ७५ मिलिमीटर अंतरावर होती, बाराव्या पिढीपासून (तुमचा १२४०० त्यातलाच) ती ७८ झाली आणि प्रोसेसरची उंचीही कमी झाली. या नव्या सॉकेटचं, म्हणजे एलजीए१७०० चं, वेगळं किट लागतं. ते शोधत लॅमिंग्टन रोडला फेऱ्या मारण्यापेक्षा नवा कूलर बरा.

बसवताना घाबरू नका. आधी पाच-दहा मिनिटं पीसी चालवा म्हणजे प्रोसेसर आणि कूलरमधली जुनी पेस्ट मऊ होते. मग पूर्ण बंद करून प्लग काढा. जुन्या कूलरच्या चारही पिना बाणाच्या दिशेने फिरवून वर ओढा. कूलर सरळ उपटू नका, थोडा डावी-उजवीकडे वळवत सोडवा. पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. नव्या कूलरला बोर्डच्या मागून पट्टी लावावी लागते. बऱ्याच कॅबिनेटमध्ये त्यासाठी मागच्या पत्र्याला मोठी खिडकी असते, तशी असेल तर बोर्ड बाहेर काढावा लागत नाही. नव्या कूलरच्या तळाला प्लास्टिकची फिल्म असेल तर ती काढायचीच. स्क्रू एका कोपऱ्यानंतर तिरका समोरचा कोपरा अशा क्रमाने थोडे थोडे आवळा. पंख्याची हवा कॅबिनेटच्या मागच्या पंख्याकडे गेली पाहिजे. रॅम उंच असेल तर पंखा क्लिपमध्ये जरा वर सरकवता येतो, पण तेवढी उंची वाढते आणि तुमच्याकडे पाचच मिलिमीटर शिल्लक आहेत.

धागाकर्ती

एके४०० घेतला. कॅबिनेटला मागे खिडकी होती, त्यामुळे बोर्ड काढावा लागला नाही. दिरांनी कॅबिनेट धरलं, स्क्रू मी आवळले. काल दुपारी खोली ३४ वर असताना तोच व्हिडिओ एक्सपोर्ट केला, तापमान ६९ ला थांबलं. फरक ३५, वर सांगितला होता अगदी तसाच. मनापासून आभार.

आता पंख्याचा चढउतार घालवायचा आहे. बायोसमध्ये (बोर्डच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये) काय बदलू?

प्रतिसाद

फॅन कर्व्हमध्ये (तापमानानुसार पंख्याचा वेग ठरवणाऱ्या आलेखात) ६५ अंशांपर्यंत सपाट रेषा ठेवा, ३५-४० टक्क्यांवर. तिथून ८० अंशांपर्यंत हळूहळू चढवा. शिवाय पंख्याचा वेग बदलायला लागणारा वेळ वाढवायची सोय बऱ्याच बोर्डांत असते, ‘स्टेप अप’ किंवा ‘स्मूदिंग’ नावाने, ती पाच सेकंदांच्या आसपास ठेवा. क्षणभराचा भार येऊन गेला तरी पंखा जागचा हलणार नाही. आणि घोडबंदरची धूळ बघता कॅबिनेटची जाळी दर महिन्याला ब्रशने झाडा. कूलरच्या पात्यांमधली धूळ काढताना पंखा बोटाने धरून ठेवा, ब्लोअरने मोकळा फिरू देऊ नका.