पाळणाघरात जेवण सुरू करायचंय: २० मुलं, दोन शेगड्या

पाळणाघर_अमळनेर
१ ते ५ वर्षांची २० मुलं, वेळ सकाळी ९ ते संध्याकाळी ५. आतापर्यंत डबे घरून येत होते. निम्म्या डब्यांत बिस्किटं, कुरकुरे, नाहीतर साखर-पोळी. आता जेवण इथेच करायचं ठरलंय. मदतीला एक ताई, दोन शेगड्या, छोटा फ्रीज. एका मुलामागे धान्य-डाळ किती धरायची? खिचडीशिवाय आपल्याकडचं, बिनतिखट काय देता येईल? ११ वाजता भूक-भूक करणारी मुलं १ वाजता ताट तसंच ठेवतात, त्याला काय करावं?

आहार_धुळे
ताई, आधी वजनकाटा घ्या. वाटी-मुठीच्या मापात कमी पडते ती नेहमी डाळच.

अंगणवाडीच्या २०२३ पूर्वीच्या निकषांत ३ ते ६ वर्षांच्या मुलाला रोज ५०० किलोकॅलरी आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिनं द्यायची असत. तो पूरक आहार आहे. तुमच्याकडे मूल ८ तास असतं, म्हणून हे किमान समजा. एका मुलाला तांदूळ ४० ग्रॅम, मूगडाळ २०, तेल ५, शेंगदाण्याचा कूट १०, शिवाय १०० मिली दूध आणि एक केळं, एवढ्यात ते जमतं. म्हणजे खिचडीत दोन भाग तांदळाला एक भाग डाळ. चारास एक घातली की पोट भरतं, पण प्रथिनं कमी पडतात. दीड-दोन वर्षांची मुलं याच्या निम्मंच खातात, तसं मोजून शिजवा.

ताट तसंच राहतं याचं कारण ११ वाजताचं बिस्किट. नाश्ता ९:३० ला, जेवण १२ ला, खाऊ ३:३० ला ठेवा आणि मध्ये फक्त पाणी. १ वाजेपर्यंत लहान मुलं पेंगायला लागतात, मग घास तोंडात तसाच धरून बसतात. पहिले चार-पाच दिवस रडारड होईल, वेळ मात्र हलवू नका.

स्वयंपाकघर_यावल
फुणके (डाळीचे वाफवलेले गोळे) करा, मुलांसाठी याहून चांगला पदार्थ आपल्याकडे क्वचितच असेल. २० जणांना तूरडाळ ४०० ग्रॅम, हरभराडाळ २००. चार-पाच तास भिजवून पूर्ण निथळा आणि पाणी न घालता जाडसर वाटा. जिरं, लसूण, हळद, मीठ, भरपूर कोथिंबीर, दोन चमचे तेल घालून मुठीत वळा आणि चाळणीवर २० मिनिटं वाफवा. सुरी कोरडी बाहेर आली की झाले. वाटण गुळगुळीत झालं तर फुणका घट्ट होतो, पाणी पडलं तर चाळणीवरच पसरतो. मुलांना कढीत कुस्करून द्या, कोरडा घशाला चिकटतो.

दुसरी कळण्याची भाकरी. चार भाग ज्वारीला एक भाग अख्खे काळे उडीद, थोडं मीठ, गिरणीतून दळून आणायचं. मोठी माणसं ठेच्याशी खातात, मुलांना गरम असतानाच पातळ वरणात चुरून वर तूप. गार झाली की छोट्यांना चावत नाही.

भरीतही चालतं. कुटलेली मिरची घालायच्या आधी मुलांच्या वाटणीचं बाजूला काढा.

बालसंगोपन_भुसावळ
आणि त्या भरतात अख्खे शेंगदाणे नकोत! अख्खा शेंगदाणा, फुटाणा, अख्खं द्राक्ष ५ वर्षांखालच्या मुलाच्या श्वासनलिकेत अडकू शकतं. दाणे कुटून, द्राक्षं उभी चिरून चार तुकडे करूनच. बसल्याशिवाय घास द्यायचा नाही, पळता पळता तर नाहीच. दाखल करतानाच शेंगदाणा, दूध, अंडं यातलं काही बाधतं का, हे पालकांकडून लिहून घ्या.

कुटासाठी दाणे निवडताना बुरशीचे, सुरकुतलेले, कडवट सरळ फेका; भाजून त्यातलं विष जात नाही. कूट उन्हाळ्यात लवकर खवट होतो, तीन-चार दिवसांपुरताच करा.

भाताची जास्त काळजी घ्या. मे महिन्यात पारा ४४ वर असताना १२ चा भात ३:३० ला देऊ नका. भातात जंतू वाढले की त्यांचं विष पुन्हा गरम करूनही राहतं, त्यामुळे उरलेल्याची फोडणी देणं धोक्याचं.

पाळणाघर_अमळनेर
मग ३:३० ला न शिजवता काय? फुणके सकाळी ८ ला वाफवून १२ ला चालतील का?

स्वयंपाकघर_यावल
८ ला नको. डाळ रात्री फ्रीजमध्ये भिजत घाला, सकाळी वाटून गोळा पुन्हा फ्रीजमध्ये, आणि ११:२० ला चाळणी चढवा. कढी दुसऱ्या शेगडीवर. ताक आंबट असेल तर मुलं तोंड फिरवतात, ताजंच घ्या.

३:३० ला केळं. आख्खा घड एकदम पिकतो, म्हणून दर दोन दिवसांनी लागतील तेवढ्याच फण्या कच्च्या-पक्क्या घ्या. दोन वर्षांखालच्यांना अर्धं पुरे.