उन्हाळा सरताना फुलबाग कशी सांभाळता? अनुभव लिहा

वैशाख संपत आला की हंगामी फुलांचा सगळ्यात अवघड काळ येतो. झिनिया आणि गॅलार्डिया दमलेले, गुलाबाची फुलं बारीक झालेली, आणि मृग अजून लांब. या दिवसांत खत घालून किंवा जोरात छाटून झाडाला फुलवायला जाऊ नये, त्याला फक्त टिकवावं, असं माझं ठाम मत आहे. मुळांना पाणी पुरत नसताना नत्र दिलं तर कोवळी पालवी फुटते आणि कडक उन्हात लगेच करपते.

माझी बाग पुण्यात, गच्चीवर. एप्रिलपासून प्रत्येक कुंडीत उसाच्या पाचटाचा जाड थर असतो, खोडापासून चार बोटं सोडून. कुंड्या विटांवर ठेवते, म्हणजे तापलेल्या फरशीची धग मुळांना लागत नाही. पाणी पहाटे. दुपारी नळीत साठलेलं पाणी चटका बसेल इतकं गरम असतं, ते आधी बादलीत सोडून द्यायचं. गुलाबाची फक्त सुकलेली फुलं काढते, खरी छाटणी ऑक्टोबरात. पानं मागून धुरकट, जाळीदार दिसली तर ती लाल कोळी नावाची कीड. कोरड्या उष्ण हवेत तो झपाट्याने वाढतो. पानांच्या मागच्या बाजूला पाण्याचा जोरदार फवारा दिला की निम्मं काम होतं. मग संध्याकाळी लिटरभर पाण्यात 5 मिली निंबोळी तेल आणि थोडा साबण. उन्हात हे फवारू नका, पानं भाजतात.

तुमच्याकडे काय करता ते सविस्तर लिहा.

नागपूर

ताई, आमच्याकडे खरी परीक्षा नवतप्यात, म्हणजे 25 मे च्या आसपास सूर्य रोहिणीत गेला की. पारा 45 च्या पुढे जातो आणि नुसतं पाणी देऊन भागत नाही, सावली लागते. 50 टक्के सावली देणारी हिरवी जाळी पश्चिमेकडून उभी बांधतो, कारण दुपारनंतरचं ऊन जास्त मारतं. एक सांगावंसं वाटतं: कूलरच्या टाकीतलं उरलेलं पाणी झाडांना घालू नका. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात, आणि पानांच्या कडा तपकिरी होतात. चिनी गुलाब (पोर्चुलाका) मात्र या उन्हातही सकाळी दहाला हमखास फुलतो. उन्हाळ्यात रंग हवा असेल त्यांनी तोच लावावा.

सातारा

टिकवायचं हे मान्य, पण मोगऱ्याला हा नियम लावू नका. त्याची कळी नव्या फुटीच्या टोकाला येते. एक बहर संपला की शेंडे दोन-तीन पेरं खुडायचे, मुठभर कुजलेलं शेणखत द्यायचं आणि भरपूर पाणी. पावसाआधी आणखी एक बहर मिळतो. आमचा बटमोगरा असाच ज्येष्ठापर्यंत चालतो.

आमच्या दारात शेवंतीही असते. तिला आत्ता अर्धवट सावलीत नुसतं जगवायचं. मुळाशी फुटलेले फुटवे जून-जुलैत वेगळे करून लावले की दसरा-दिवाळीला फुलं. झेंडूचं बी मे मध्ये टाकायची घाई कशाला? बियापासून फुलापर्यंत दोन-अडीच महिने लागतात, दसऱ्यापासून मागे मोजावं.

पुण्याहूनच, मूळ लेखिका

मोगऱ्याचं बरोबर आहे तुमचं. जमिनीतल्या मोगऱ्याला तर नक्कीच. कुंडीतल्याला मी तरी शेणखताऐवजी पातळ शेणकाला देईन.

सावंतवाडी

आमच्याकडे ही आगोटीची, म्हणजे पावसाआधीच्या तयारीची वेळ. लाकडं भरायची, कौलं चाळायची, त्यातच फुलझाडांचं बी. अबोलीच्या सुकलेल्या बोंडांना पाणी लागलं की ती तटकन फुटतात आणि बी दूरवर उडतं, म्हणून पहिल्या सरीआधीच कणसं काढून कागदी पिशवीत ठेवते. पिशवीचं तोंड बांधा.

बार्देश, गोवा

24 जूनला सांजावच्या (सेंट जॉनच्या) सणाला डोक्यावर फुला-पानांचे कोपेल, म्हणजे मुकुट घालतात, त्यामुळे आमच्या वाड्यावर जूनमध्ये फुलं असावीत हा आग्रह. शेजारीण मे मध्ये कुंपणावरच्या वेलींना हातही लावू देत नाही.

शिकागो

आमचा उन्हाळा ऑगस्टअखेर उतरतो, पण काम फारसं वेगळं नाही. झिनिया आणि डेलियाची सुकलेली फुलं रोज खुडली तर पहिल्या कडाक्याच्या थंडीपर्यंत, साधारण ऑक्टोबरपर्यंत, फुलत राहतात. डेलियात नवी कळी गोल असते, झडलेल्या फुलाचं बोंड टोकदार. ही खूण लक्षात ठेवली की चुकून कळी खुडली जात नाही. जपानी भुंगेरे सकाळी सुस्त असतात तेव्हाच साबणाच्या पाण्यात टाकायचे.

आणि मोगरा! आईने शिकवलेलं सगळं इथे उलटं. ऑगस्टनंतर खत बंद. रात्रीचं तापमान 10 अंशांकडे यायला लागलं की कुंडी घरात, दक्षिणेच्या खिडकीत. त्याआधी पानं दोन्ही बाजूंनी धुवायची, नाहीतर कोळी घरात येतो आणि हिटरच्या कोरड्या हवेत फोफावतो. गणपतीला घरचा मोगरा वाहता आला की त्या कष्टांचं चीज होतं.

नाशिक

वळवाचा पाऊस झाला की हुमणीकडे, म्हणजे मुळं खाणाऱ्या अळीकडे लक्ष द्या, हे कुणी लिहिलं नाही. पहिल्या चांगल्या सरीनंतर संध्याकाळी तिचे भुंगेरे जमिनीतून निघून कडुनिंब-बाभळीवर बसतात. फांद्या हलवून ते गोळा करायचे आणि रॉकेल घातलेल्या पाण्यात बुडवायचे. अर्धकच्चं शेणखत बागेत टाकू नका, हुमणी त्यातच वाढते आणि पावसाळ्यात गुलाबाची, शेवंतीची मुळं खाते.

ठाणे

कुंड्यांखालच्या बशा कधी काढायच्या?

पुणे

पहिली मोठी सर येण्याआधी. त्याच दिवशी कुंडीच्या तळाची भोकं काडीने मोकळी करा आणि पाचटाचा थर पातळ करा. अडेनियम असेल तर ते छपराखाली हलवा, पावसात त्याचं खोड सडतं.