इयर-एंडला पॉवर सर्व्हरचे बंद कोअर चालू करायचे आहेत, आधी काय तपासू?

ईओडी_पुणे:
नमस्कार मंडळी. आमच्या सहकारी बँकेचं कोअर बँकिंग आयबीएमच्या ई९८० या पॉवर सर्व्हरवर चालतं. मशीनमध्ये ३२ कोअर (प्रोसेसरमधले आकडेमोड करणारे भाग), त्यातले २० कायमचे चालू. उरलेले १२ लागतील तेव्हा दिवसाच्या भाड्याने घेता येतात. गेल्या ३१ मार्चला व्याजाची बॅच (सगळ्या खात्यांची एकगठ्ठा आकडेमोड) पहाटेपर्यंत रेंगाळली, शाखांतली माणसं रिपोर्टसाठी ताटकळत बसली. यंदा वरून आदेश आहे, १२ च्या १२ कोअर तीन दिवसांसाठी घ्या. इलॅस्टिक सीओडीचा (गरजेपुरते कोअर भाड्याने घ्यायच्या योजनेचा) करार झालाय, ती सुरू करणारा एनेबलमेंट कोडही एचएमसीवर (सर्व्हर सांभाळायच्या कन्सोलवर) टाकलाय. डेटाबेसचा एलपार (मशीनचा स्वतंत्र सर्व्हरसारखा चालणारा भाग) अनकॅप्ड (आपल्या वाट्यापलीकडेही कोअर वापरू शकणारा) आहे, म्हणजे कोअर चालू केले की तो आपोआप घेईल ना? दिवस कसा मोजतात? परत देताना काय बघायचं? पैसा सभासदांचा आहे, म्हणून खात्री करून घ्यायची आहे.

डिस्कवाला_नाशिक:
सीपीयूच कमी पडतोय हे कशावरून? बॅच चालू असताना आयओ वेट (डिस्कची वाट बघण्यात जाणारा वेळ) बघितलाय का? डिस्क मागे पडत असेल तर ३२ काय, ६४ कोअर दिले तरी बॅच तेवढाच वेळ घेणार. गेल्या महिनाअखेरचे आकडे टाका.

ईओडी_पुणे:
आयओ वेट नगण्य आहे. एलपारस्टॅटचे (एलपारचा वापर दाखवणाऱ्या कमांडचे) आकडे असे: एंटायटलमेंट (हमखास मिळणारे कोअर) ८, व्हर्च्युअल प्रोसेसर (एलपारला दिसणारे प्रोसेसर) १२, प्रोफाइलमध्ये (एलपारच्या जतन केलेल्या सेटिंगमध्ये) त्यांचं मॅक्झिमम १६. बॅच सुरू झाली की प्रत्यक्ष वापर १२ ला टेकतो आणि तासन् तास तिथून हलत नाही. त्याच वेळी पूलमध्ये (सगळ्या एलपारच्या सामायिक कोअरमध्ये) शिल्लक साधारण ४ दिसते.

एचएमसीवाली:
दादा, तुमचं उत्तर या शेवटच्या दोन वाक्यांतच आहे. पूलमध्ये ४ कोअर रिकामे आहेत आणि तुमचा एलपार १२ वर अडकलाय. अनकॅप्ड एलपार एंटायटलमेंटच्या वर जातो हे खरं, पण व्हर्च्युअल प्रोसेसरच्या संख्येपलीकडे कधीच जात नाही. आज तुम्ही १२ कोअर भाड्याने घेतलेत तर पूलमधली शिल्लक ४ ची १६ होईल आणि बॅच जिथल्या तिथे राहील. बिल मात्र पूर्ण येईल.

म्हणून पहिलं काम फुकटातलं: डीएलपारने (चालू एलपारमध्येच बदल करायच्या सोयीने) व्हर्च्युअल प्रोसेसर १२ चे १६ करा. मॅक्झिमम १६ आहे, त्यामुळे एलपार बंद करावा लागणार नाही. फक्त एचएमसीवर त्या एलपारचं आरएमसी कनेक्शन (एचएमसी आणि एलपारमधला दुवा) अॅक्टिव्ह दिसतंय का ते आधी बघा. मधल्या फायरवॉलवर ६५७ पोर्ट बंद असेल तर डीएलपार ऐन वेळी नकार देतो, आणि नेटवर्कवाल्याला रात्री अकराला उठवावं लागतं. या महिनाअखेरीला १६ वर बॅच चालवा आणि किती वेळ वाचला ते लिहून ठेवा. सगळा निर्णय त्या आकड्यावर घ्या, वरून आलेल्या १२ च्या आकड्यावर नको.

१६ लाही वापर सपाट झाला तर भाड्याच्या कोअरचा विचार करा. पण त्यासाठी मॅक्झिमम २० किंवा २४ करावा लागेल आणि तो चालू एलपारला बदलत नाही. प्रोफाइल बदला, एलपार पूर्ण बंद करा आणि त्याच प्रोफाइलने पुन्हा अॅक्टिव्हेट करा. नुसत्या रीबूटने नवी प्रोफाइल लागू होत नाही. मार्चआधीच्या एखाद्या रविवारी डाऊनटाइम मागून घ्या, मार्चमध्ये कोणी देणार नाही.

दिवसाचं गणित कॅलेंडरचं नाही. रिक्वेस्ट सुरू केली त्या क्षणापासून २४ तास म्हणजे एक दिवस, आणि मागितलेल्या प्रत्येक कोअरचा पूर्ण दिवस लागतो. कोअर वापरला की नाही, दोन तास वापरला की वीस, याने बिलात फरक पडत नाही. ३१ च्या सकाळी दहाला चालू केलेत तर मोक्याच्या रात्रीआधीच निम्मा दिवस वाया. संध्याकाळी चालू केलेत तर १ एप्रिलच्या संध्याकाळपर्यंत तोच एक दिवस पुरतो, आणि १ तारखेला बँका ग्राहकांसाठी बंदच असतात. तीन दिवस कशाला?

परत देताना लोक अडकतात ते एंटायटलमेंट वाढवून ठेवल्यामुळे. सगळ्या एलपारच्या एंटायटलमेंटची बेरीज कायमच्या २० कोअरच्या वर गेलेली असेल, तर मुदत संपल्यावर मशीनला ते कोअर मोकळे करता येत नाहीत, ते 'परत न केलेले' म्हणून धरले जातात आणि मीटर चालूच राहतं. तुम्ही एंटायटलमेंटला हात लावू नका. व्हर्च्युअल प्रोसेसर वाढवा आणि त्या रात्रीपुरतं अनकॅप्ड वेट १२८ वरून वर न्या, म्हणजे ओढाताण झाली तर झुकतं माप डेटाबेसला मिळेल.

लायसन्स_ठाणे:
ताईंनी हार्डवेअरचं सगळं सांगितलंय, मी फक्त सॉफ्टवेअरचं बोलतो. डेटाबेस ओरॅकल असेल तर तिथे अनकॅप्ड एलपार हार्ड पार्टिशन (लायसन्स तेवढ्याच भागापुरतं मोजू देणारी विभागणी) म्हणून धरत नाहीत, कॅप्डच धरतात. पॉवरचा कोअर फॅक्टर १.० आहे, म्हणजे एका कोअरला एक लायसन्स. एका रात्रीसाठी चालू केलेले कोअर ऑडिटमध्ये कसे मोजले जातील, हे चालू करण्याआधी लेखी घ्या. कोअरच्या भाड्यापेक्षा हा खर्च कितीतरी मोठा होऊ शकतो. आयबीएमचं मिडलवेअर सब-कपॅसिटीवर (पूर्ण मशीनऐवजी वापरातल्या भागापुरत्या लायसन्सवर) असेल तर आयएलएमटी (आयबीएमचं लायसन्स मोजणारं टूल) चालू आहे ना, तेही तपासा.

ईओडी_पुणे:
आभार सगळ्यांचे. ओरॅकलच आहे, करार मागवलाय. आरएमसी अॅक्टिव्ह आहे. आज चाचणीच्या एलपारवर व्हर्च्युअल प्रोसेसर वाढवून पाहिले, मिनिटभरात दिसले. एक शंका: एन्टरप्राइझ पूल्स २.० वर (आयबीएमच्या दुसऱ्या योजनेवर) जाण्याचा सल्ला आम्हाला मिळतोय, तिथे मिनिटाने मोजतात म्हणे.

एचएमसीवाली:
हो, तिथे बसवलेले सगळे कोअर चालूच असतात आणि विकत घेतलेल्या बेसच्या वर जेवढा वापर होईल तो मिनिटाने मोजला जातो. पण ज्यांचा लोड कधी चढेल सांगता येत नाही आणि मशीन एकापेक्षा जास्त आहेत, त्यांना ते खरं फायद्याचं. शिवाय वापराची माहिती एचएमसीकडून आयबीएमच्या क्लाउड कन्सोलला जावी लागते, त्याला तुमची सिक्युरिटी टीम आधी हो म्हणायला हवी. तुमचा चढ वर्षातून ठरलेल्या रात्री येतो, त्याला दिवसाचं भाडं बरं. आणि सगळेच कोअर चालू ठेवायचे म्हटल्यावर लायसन्सवाल्यांचा प्रश्न रोजचाच होईल.

महिनाअखेरीचे आकडे आले की इथेच टाका. १६ वर बॅच वेळेत बसली तर यंदा एकही कोअर घेऊ नका.