मॅस्क्युलिनिटी : पुरुषत्व, मर्दानगी की अजून काही?

एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकन चित्रांवरचा लेख भाषांतर करतेय. दर दोन ओळींनी मॅस्क्युलिनिटी येतंय आणि मी अडकलेय. पुरुषत्व लिहिलं की रेल्वेलाइनच्या भिंतीवरच्या जाहिराती आठवतात, मर्दानगी लिहिलं की कुणीतरी मिशीला पीळ देतंय असं वाटतं.

— पौरुष?

— पौरुष म्हटलं की काहीतरी गाजवलेलं लागतं हो. चित्रकार टॉमस एकिन्सचं 'द ग्रॉस क्लिनिक' बघा, १८७५चं. फिलाडेल्फियाचे सर्जन डॉ. ग्रॉस, काळा कोट, कपाळावर उजेड, बोटांना आणि स्काल्पेलला रक्त लागलेलं आणि हा माणूस शांतपणे विद्यार्थ्यांना शिकवतोय. पेशंटची कापलेली मांडी दिसते, पायातले मोजे दिसतात, चेहरा नाही. बाजूला एक बाई, तिला बघवत नाहीये, तोंड झाकलंय, बोटं आखडलीत. घाबरलेली ती एकटीच, म्हणजे ज्याला हे बघवतं तो पुरुष असा सगळा मामला आहे. (१८७६च्या तिथल्या प्रदर्शनात कलाविभागाने हे चित्र नाकारलं, मग ते लष्करी हॉस्पिटलच्या मांडणीत लागलं.) ह्याला मर्दानगी कसं म्हणणार, कुणी कुणाला लोळवलंय कुठे? मी पुरुषपण लिहीन, बाईपण म्हणतो तसं.

— चित्रकार रेमिंग्टनच्या काउबॉयना मात्र मर्दानगीच शोभते! १८८९चं 'अ डॅश फॉर द टिंबर', घोडे धूळ उडवत आपल्या अंगावर येतायत. खरं तर गडी जीव घेऊन पळतायत, पण मागे वळून गोळ्या झाडतायत ना, मग झालं.

— एक राहिलंच. त्या काळी तिकडे मॅनलीनेस जास्त चालायचं, म्हणजे स्वतःवर ताबा, शब्दाला जागणं वगैरे, मॅस्क्युलिनिटी शतकाच्या शेवटाकडे रुळलं. जुन्या उताऱ्यात मॅनलीनेस असेल तिथे पुरुषार्थ बसतो का बघा. धर्म-अर्थ-काम-मोक्षवाला नव्हे, 'बाईमाणसावर हात उचलण्यात कसला पुरुषार्थ' ह्यातला.

— हे आवडलं! पुरुषपण आणि पुरुषार्थ, दोन्ही घेते. लंगोट मात्र मी आधीच लिहून टाकलाय, कारण पुढे तो प्रसंग आहे, एकिन्सने मुलींच्या वर्गात पुरुष मॉडेलचा लंगोट काढला आणि १८८६च्या फेब्रुवारीत त्याला पेनसिल्व्हेनिया अकॅडमी ही कलाशाळा सोडावी लागली. पुढच्याच महिन्यात, ११ मार्चला, त्याच फिलाडेल्फियात आपल्या आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या. लेखात हे नाहीये, पण माझ्या डोक्यातून जात नाही.

— मग 'द अ‍ॅग्न्यू क्लिनिक' पण बघा, त्याचंच, १८८९चं. डॉक्टर आता पांढऱ्या कपड्यात आणि ऑपरेशनच्या टेबलाशी एक नर्स ताठ उभी, तोंडबिंड काही झाकलेलं नाही.

— तिच्याबद्दल लिहिताना पुरुषी धैर्य लिहू नका म्हणजे मिळवली.

— लिहिलं होतं. खोडलं आत्ता.