मदत हवी आहे: आईचं गुडघेदुखीचं दुखणं कमी झालंय, पण चालणंही थांबत चाललंय

नमस्कार मंडळी,

आई ६८ वर्षांची आहे. दोन्ही गुडघ्यांत ऑस्टिओआर्थ्रायटिस (सांध्यांची झीज), उजवा जास्त. एक्स-रेवरून ग्रेड ३ सांगितली आहे (४ ही शेवटची). ऑपरेशनची घाई नाही, असं डॉक्टर म्हणाले.

गेल्या आठवड्यात तपासणीत त्यांनी विचारलं, दुखणं कसं आहे? आई म्हणाली, "बरंच कमी आहे." मीही मान हलवली. घरी आल्यावर मात्र मला चैन पडेना. दुखणं कमी झालंय ते ती चालतच नाही म्हणून!

वर्षभरापूर्वी नात्यातल्या कुणीतरी तिला सांगितलं, "गुडघे झिजलेत, आता जपून वापर." ते तिने फार मनावर घेतलं. आधी संध्याकाळचा फेरफटका बंद झाला, मग जिना. आता खुर्चीतून उठताना दोन्ही हातांनी रेटा द्यावा लागतो. फोन दुसऱ्या खोलीत वाजला तर तिथपर्यंत जायचा कंटाळा म्हणून वाजू देते. हे सगळं इतकं हळूहळू झालं की घरात कुणाच्या लक्षातच आलं नाही, आणि याचंच मला सगळ्यात वाईट वाटतंय.

वोमॅक नावाची प्रश्नावली वाचली. २४ प्रश्न आहेत. त्यातले दुखण्याचे ५, आखडण्याचे २ आणि उरलेले १७ रोजच्या हालचालींचे: जिना उतरणं, मोजे घालणं, अंथरुणातून उठणं, असे. दुखण्याच्या प्रश्नांची आईची उत्तरं बरी आली. हालचालींच्या भागात ती जवळजवळ प्रत्येक ठिकाणी अडली.

मग हात छातीशी धरून ३० सेकंदांत खुर्चीतून किती वेळा उठता येतं ते पाहिलं. चार वेळा उठली, पाचव्यांदा अर्ध्यातून बसली. मनगटावरच्या पट्ट्यात दिवसाची पावलं २,००० च्या आसपास दिसतात.

आता चालणं वाढवायचं कसं? मी "चल, थोडं फिरू" म्हटलं की ती म्हणते, "उरलेला गुडघाही घालवू का?" दोनदा जबरदस्तीने लांब नेलं, तर पुढचे दोन दिवस गुडघा सुजला आणि तिचंच खरं ठरलं. किती दुखलं तर चालेल आणि कुठे थांबायचं, हे कसं ओळखायचं? काठीही आणून दिली, पण काठीने उलट जास्त त्रास होतो म्हणते. ज्यांच्या घरी हे झालंय किंवा जे फिजिओथेरपीत काम करतात, त्यांनी कृपया सांगा.

प्रतिसाद १

मी फिजिओथेरपिस्ट आहे. तुमच्या आईंना आधी हे सांगा की बेताने चालल्याने सांधा घासून संपत नाही. उलट न वापरल्याने मांडीचे स्नायू आटतात आणि तोच भार गुडघ्यावर येतो.

एकदम लांब नेलंत, तिथे चुकलं. आत्ता जेवढं सहज जमतंय तेवढ्याच अंतराचे दिवसातून तीन-चार तुकडे करा आणि दर आठवड्याला थोडी भर घाला. चालताना थोडं दुखणं चालतं. ते दुसऱ्या दिवशी याच वेळेपर्यंत पूर्ववत झालं पाहिजे. तोवर उतरलं नाही किंवा सूज आली, तर तेवढं जास्त झालं असं समजून एक पायरी मागे या, बंद करू नका. दिवसाला १०,००० पावलांचा आकडा डोक्यातून काढा. २०१४ च्या एका अमेरिकन अभ्यासात, गुडघ्याचा हा आजार असलेल्या किंवा होण्याचा धोका असलेल्या लोकांत, पुढच्या दोन वर्षांत हालचाल मंदावण्याचा धोका साधारण ६,००० पावलांपाशी बराच कमी दिसला. तुम्ही आधी ३,००० गाठा. आणि सावकाश चालणाऱ्यांची पावलं मनगटावरचे पट्टे अनेकदा कमी मोजतात, हेही लक्षात असू द्या.

खुर्चीतून उठण्याचा सराव रोज हवाच. सुरुवातीला खुर्चीवर जाड उशी ठेवा, म्हणजे उंची वाढून उठणं सोपं जाईल. जिना चढताना बरा पाय आधी, उतरताना दुखरा आधी, आणि कठडा धरून. गुडघा अचानक लाल, गरम झाला, ताप आला किंवा पोटरी सुजली तर मात्र व्यायाम नको, लगेच डॉक्टरांकडे जा.

काठी कोणत्या हातात धरतात?

धागाकर्ता

उजव्या. दुखरा तोच म्हणून मीच तसं सांगितलं होतं.

प्रतिसाद १

डाव्या हातात द्या. उजवा पाय टाकताना काठी सोबत पुढे जाऊ दे. आणि उंची तपासा: ताठ उभं राहून हात सोडला की मूठ मनगटाच्या रेषेत यायला हवी.

धागाकर्ता

काठी दोन खाचा लांब होती, कमी केली. डाव्या हातात घेऊन आई आत्ता दारापर्यंत जाऊन आली. काही बोलली नाही, पण आल्यावर काठी कोपऱ्यात न ठेवता खुर्चीला टेकवून ठेवली. उद्यापासून तीन फेऱ्या. पंधरा दिवसांनी पुन्हा ३० सेकंदांचं मोजून इथे लिहितो.