मदत हवी आहे: जर्मनीत 'इथे बसू का?' विचारलं, पण उत्तर कसं ओळखायचं?

आई-बाबा पुढच्या महिन्यात म्युनिकला भावाकडे चाललेत. तो ऑफिसला गेला की दोघांना आपलं आपण फिरायचंय. भावाने एकच वाक्य पाठ करायला दिलंय: "एंटशुल्डिगुंग, इस्ट हीअर नॉख फ्राय?" म्हणजे, माफ करा, ही जागा रिकामी आहे का? ट्रेन, कँटीन, बाग, सगळीकडे चालतं म्हणे.

बाबांचं पाठ झालंय. आईचं म्हणणं, जागा रिकामी दिसतेय तर विचारायचं कशाला? (एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणारी पिढी!) शिवाय 'एंटशुल्डिगुंग'ला तिची जीभ वळत नाही. आणि समोरच्याने भराभर काहीतरी उत्तर दिलं तर हो की नाही हे कळणार कसं? तिथे राहणाऱ्यांनी कृपया सांगा.

इसारकाठचा:
'एंटशुल्डिगुंग' राहू दे, काकूंना "हालो" म्हणू दे. "ग्र्युस गॉट" जमलं तर उत्तमच, बव्हेरियात, म्हणजे म्युनिक ज्या राज्यात आहे तिथे, तोच नमस्कार.

उत्तर "या, बिटे" किंवा "या, क्लार" आलं की बसायचं. इथला 'या' म्हणजे हो, त्यामुळे काकूंना लक्षात ठेवायला सोपं. "नाइन", "लायडर निश्त" किंवा "बेझेट्स्ट" (जागा भरलेली आहे) ऐकू आलं तर पुढे सरकायचं, कोणीतरी येणार असतं. फक्त प्रश्नात 'फ्राय'च (म्हणजे रिकामी) ठेवा. काही पुस्तकांत "इस्ट हीअर बेझेट्स्ट?" असंही शिकवतात. त्यात 'नाइन' म्हणजे जागा मोकळी, आणि मग सगळाच घोळ.

अख्खं बाकडं मोकळं असेल तर विचारायची गरज नाही. शेजारी कोणी बसलंय किंवा सीटवर बॅग आहे, तिथे मात्र न विचारता टेकलं तर लोक बघतात. उलट काका-काकूंनाही कोणीतरी हेच विचारेल. पिशवी मांडीवर घ्यायची आणि "या, बिटे" म्हणायचं.

बियर गार्डनला नक्की पाठवा. लांबलचक टेबलं, अनोळखी माणसं शेजारी शेजारी, तिथे हे वाक्य दर वेळी लागतं. टेबलक्लॉथ नसलेल्या टेबलांवर घरचा डबा चालतो, फक्त पेय तिथलंच घ्यायचं, बियरच हवी असं नाही. १८१२ मध्ये राजाने तिथे पावाशिवाय खायचं काही विकायला बंदी घातली, तेव्हापासून लोक शिदोरी आणतात. धपाटे न्या बिनधास्त. 'श्टामटिश' अशी पाटी असलेल्या टेबलावर मात्र बसू नका, ते नेहमीच्या गिऱ्हाइकांचं.

रूळावरून:
ट्रेनबद्दल थोडं. एस-बान (लोकल), उ-बान (मेट्रो) यांत रिझर्व्हेशन नसतंच. आयसीईमध्ये, म्हणजे लांब पल्ल्याच्या वेगवान गाडीत, सीटपाशी छोट्या पट्टीवर स्टेशनांची नावं दिसतात. तिथे म्युनिक ते न्यूरेंबर्ग लिहिलं असेल तर तेवढ्या टप्प्यात ती जागा कोणाचीतरी आहे, शेजारचा "फ्राय" म्हणाला तरी. गाडी सुटून १५ मिनिटं झाली आणि तो प्रवासी आलाच नाही, तर त्याचा हक्क संपतो, खुशाल बसा. लांबच्या प्रवासाला दोघांचं रिझर्व्हेशन काढलेलं बरं, या वयात डबे धुंडाळत फिरायला नको.

धागाकर्ती:
दोघांचेही आभार! 'हालो'वर आई राजी झाली. टेबलक्लॉथ असलेल्या टेबलांचं काय? तिथेही आधी विचारून बसायचं, की वेटर येऊन जागा देतो? आणि श्टामटिशच्या पाटीचा फोटो कोणाकडे असेल तर टाका, बाबांना नुसतं नाव वाचून ओळखता येणार नाही.