एपीओई ई४ची एक प्रत निघाली, आता पुढे काय?

धुकं : वय ५२. लाळेवरून डीएनए तपासणाऱ्या किटच्या रिपोर्टात एपीओई जनुकाचा 'ई४ – एक प्रत, अल्झायमरचा धोका दुप्पट-तिप्पट' असं आलंय. लक्षण एकही नाही. दुप्पट म्हणजे नेमकं किती? एमआरआय, स्मरणशक्तीची चाचणी लगेच करावी का? मुलांना सांगायचं का? चमत्कारी गोळ्यांच्या लिंका कृपया नकोत.

गुणसूत्र१९ : मूळ आकडा सोबत नसेल तर 'दुप्पट' हा शब्द नुसता घाबरवतो. समजा, अमुक वयापर्यंत १००पैकी १० जणांना आजार होतो (आकडा फक्त उदाहरणापुरता). दुप्पट म्हणजे २०. उरलेल्या ८० जणांच्या हातातही तुमच्यासारखाच रिपोर्ट असतो. एक प्रत साधारण चारांत एकाकडे सापडते. दोन प्रती, म्हणजे आई-वडील दोघांकडून ई४, २-३ टक्के लोकांकडे असतात आणि तिथे धोका बराच जास्त.

रिपोर्ट किट कंपनीचा आहे, की कच्चा डेटा दुसऱ्या साइटवर टाकून काढलाय? जनुकाचा प्रकार ई२, ई३ की ई४, हे त्यातल्या दोनच जागांवरून ठरतं. त्यातली एक चुकीची वाचली गेली की निकालच बदलतो. म्हणून वैद्यकीय लॅबमधून खात्री करून घ्या, शक्यतो जनुकीय समुपदेशकामार्फत. विमा काढायचा असेल तर त्या आधी पॉलिसीतले प्रश्न वाचा.

मुलांचं म्हणाल तर ही प्रत प्रत्येकाकडे जाण्याची शक्यता ५० टक्के. अल्पवयीन असतील तर त्यांची चाचणी नकोच. सज्ञान असतील तर आधी 'ऐकायचंय का?' एवढंच विचारा. नको म्हणाले तर विषय तिथेच थांबवा.

वरचा_आकडा : लक्षणं नसताना एमआरआय काढून धोका कळत नाही, निरुपद्रवी ठिपके दिसतात आणि नवी चिंता लागते. 'मोका' ही स्मरणशक्ती-आकलनाची चाचणी ३० गुणांची, २६ किंवा जास्त ठीक. पण ती दर महिन्याला घरी सोडवली तर शब्द पाठ होतात आणि गुणांना अर्थ उरत नाही. शिवाय आपल्याकडे ई४ आहे हे माहीत असलेली माणसं स्मरणचाचणीत कमी गुण मिळवतात, असं २०१४च्या एका अभ्यासात दिसलं होतं. चष्मा कुठे ठेवला हे विसरणं म्हणजे सुरुवात नव्हे. नेहमीचा रस्ता चुकायला लागला, बिलांचा हिशेब जमेना, तर डॉक्टरांकडे जा.

मी आधी बीपी पाहीन. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ साली स्मृतिभ्रंशाची बदलता येण्याजोगी १४ कारणं मांडली, त्यात मध्यमवयातला रक्तदाब आहे. घरी मोजताना पाच मिनिटं शांत बसा, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, पट्टा उघड्या दंडावर हृदयाच्या पातळीला. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा, सकाळ-संध्याकाळ, सात दिवस. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून बाकीच्यांची सरासरी डॉक्टरांना दाखवा. पट्टा दंडाला लहान पडला तर आकडा उगाच जास्त येतो. सगळ्यात जास्त घोळ इथेच.

कानसेन : त्याच यादीत ऐकू कमी येणं आणि एलडीएलही (वाईट कोलेस्टेरॉल) आहे. ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, करून घ्या. श्रवणयंत्र लागलंच तर पहिले दिवस शांत खोलीत एक-दोन तास, मग हळूहळू वाढवा. लोक पहिल्याच दिवशी लग्नाच्या हॉलमध्ये घालून जातात, सगळा गोंगाट एकदम अंगावर येतो आणि यंत्र खणात जातं. शिट्टी वाजते ती बहुतेकदा यंत्राची कानात बसणारी टोपी सैल बसल्याने किंवा कानातल्या मळाने. दुरुस्त करून घ्या, परत करू नका.

धुकं : धन्यवाद. झोप लागत नाही म्हणून अ‍ॅलर्जीची गोळी घेतो, चालेल?

वरचा_आकडा : डब्यावर डायफेनहायड्रामिन लिहिलंय का बघा. असेल तर झोपेसाठी रोज नको. ती मेंदूतल्या अ‍ॅसिटिलकोलिनचं, म्हणजे स्मरणाला लागणाऱ्या रसायनाचं, काम अडवते. लघवीसाठीचं ऑक्सिब्युटिनिन, अमिट्रिप्टिलिन हीही त्याच जातीची, पण ती परस्पर बंद करू नका. सगळी औषधं पिशवीत घालून डॉक्टरांकडे न्या. घोरत असाल तर तेही सांगा आणि बी१२, थायरॉईड तपासून घ्या. त्यांची कमतरता विसरभोळेपणासारखीच दिसते आणि ती भरून काढता येते.